चित्रकलेचा तास कोलमडू नये म्हणून: सहावी ते आठवीच्या वर्गासाठी क्रमवार मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कितीतरी मराठी शाळांत चित्रकलेला वेगळे शिक्षक नाहीत. वेळापत्रकात 'ड्रॉइंग' दिसलं की गणिताच्या बाई किंवा पी.टी.चे सर वर्गावर जातात. फळ्यावर एक देखावा काढला जातो, खाली 'रंगवा' असं लिहिलं जातं. पहिल्या पाच मिनिटांत पाण्याचा डबा कलंडतो, एका ब्रशवर तिघे हक्क सांगतात, दहा जणांकडे कागदच नसतो. घंटा होते तेव्हा निम्मी चित्रं ओली असतात आणि फरशीवर निळं पाणी पसरलेलं असतं. मग शिक्षक ठरवून टाकतात, रंग नकोत, पेन्सिलीनं काय ते काढा.

याला मुलं जबाबदार नाहीत. क्रम उलटा लागलेला असतो. चित्राचा विषय आधी ठरतो आणि पाणी, कागद, वाळवण यांचा विचार गोंधळ झाल्यावर होतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले तीन वगळून थेट चौथ्यावर गेलात तर पुढचं काही टिकणार नाही.

## टप्पा १: तास आणि जागा (शाळा उघडण्याच्या आठवड्यात)

हेडसरांना भेटून पहिली मागणी करा ती जोडतासाची. आठवड्यातून चाळीस मिनिटांचे दोन सुटे तास असतील तर ते सलग करून घ्या. सुट्या तासात मांडामांड आणि आवराआवर जाऊन हातात वीसच मिनिटं उरतात. जोडतास मिळालाच नाही तर सुट्या तासात पेन्सिल, कोळसा, कागदकाम एवढंच ठेवा आणि रंग, माती यांच्यासाठी महिन्यातून एकदा दुसऱ्या शिक्षकाशी तास बदलून घ्या.

जेवणाच्या सुट्टीच्या लगेच आधीचा तास घेऊ नका. पोटात भूक असते, बाहेर ताटांचा आवाज सुरू झालेला असतो आणि हातावरचा रंग तसाच घेऊन मुलं पंगतीला जाऊन बसतात. शनिवारी सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास मिळाले तर उत्तम.

वेगळी कलाखोली बहुतेक ठिकाणी नसते. नेहमीचाच वर्ग वापरायचा आहे हे धरून चला.

१. बाकं असतील तर दोन-दोन समोरासमोर लावून चौघांचा गट करा. बाकं नसतील तर तरटपट्ट्या चौकोनात अंथरा आणि प्रत्येकाला मांडीवर घ्यायला जाड पुठ्ठा द्या.

२. पाण्याची बादली दाराजवळ ठेवा आणि कागद-रंगांचं टेबल त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात. पाणी आणणारे आणि साहित्य नेणारे यांची वाट एकमेकांना छेदता कामा नये. निम्मी सांडासांड याच एका गोष्टीने थांबते.

३. वाळवणीची जागा आधीच ठरवा. व्हरांड्याच्या दोन खांबांमध्ये सुतळी बांधा, तिला कपड्यांचे चिमटे लावा. खाली भिंतीलगत वर्तमानपत्रं अंथरायला मोकळी पट्टी ठेवा.

४. खिडकी मुलांच्या डाव्या हाताला येईल असं बसवा. डावखुऱ्या मुलांना गटाच्या डाव्या टोकाला जागा द्या, नाहीतर दोन कोपरं दिवसभर भांडतात. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात जुलैमध्ये दुपारीही वर्ग काळोखा असतो आणि वीज जाते, तिथे त्या दिवसांत गट खिडकीकडे सरकवा.

तपासा: एकाही मुलाला न उठवता तुम्ही प्रत्येक गटापर्यंत चालत पोचू शकता का? नसाल पोचत तर एक बाक बाहेर काढा.

## टप्पा २: साहित्य – काय विकत घ्यायचं, काय गोळा करायचं, काय घ्यायचंच नाही

'घरून रंगपेटी आणा' या वाक्याने वर्गाचे दोन भाग पडतात. ज्याच्याकडे चोवीस रंगांची पेटी आहे तो राजा, आणि ज्याच्या वडिलांची आज हजेरी नाही तो मान खाली घालून बसतो. साहित्य शाळेचं आणि सामायिक असलं पाहिजे. एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) जूनमधल्या बैठकीत नेमकी यादी घेऊन जा. 'चित्रकलेसाठी काहीतरी द्या' असं सांगितलं की काही मिळत नाही. वस्तू, संख्या आणि दुकानाचा दर लिहिलेला एक कागद दिला की चर्चा होते.

बत्तीस मुलांच्या, म्हणजे आठ गटांच्या वर्गाला लागणारी मूळ यादी अशी:

- पोस्टर कलरच्या मोठ्या बाटल्या: पिवळा, लाल, निळा आणि पांढरा. बस्स. हिरवा, नारिंगी, जांभळा विकत आणू नका, ते मुलांनी करायचे आहेत. काळाही सुरुवातीला नको. तो हाती लागला की प्रत्येक सावली काळी होते.
- गोल ब्रश ६ नंबरचे बत्तीस, सपाट ब्रश १० नंबरचे सोळा. २ नंबरचा बारीक ब्रश या वयात आधी देऊ नका. मुलं त्याने आभाळ रंगवायला बसतात आणि तास संपतो.
- २बी पेन्सिली, खोडरबर (गटाला एकच), तेली खडू.
- टोक गोल असलेल्या कातऱ्या सोळा.
- ड्रॉइंग पेपरचे मोठे ताव. २२ × ३० इंचाच्या एका तावाचे चार तुकडे केले तर ११ × १५ इंचाचा कागद मिळतो आणि तो रंगकामाला पुरेसा आहे. सरावाला ताव फाडू नका.

सरावाचा कागद गोळा करायचा. जुन्या लग्नपत्रिका, एका बाजूने छापलेली पत्रकं, कॅलेंडरची पानं, कापड दुकानातले पुठ्ठे. शहापूर-वडगाव भागातल्या शाळांना हातमाग-यंत्रमागवाल्यांकडून उरलेलं रंगीत सूत आणि काठाचे तुकडे मागता येतात. विणकामाच्या आणि चिकटकामाच्या तासांना त्याच्यासारखं साहित्य नाही. पाण्याला उंच ग्लास नको, दह्या-श्रीखंडाचे बसके रुंद डबे हवेत. ते सहजासहजी कलंडत नाहीत. रंग मिसळायला प्लॅस्टिकची झाकणं किंवा जुन्या स्टीलच्या ताटल्या. दुपारच्या जेवणाची ताटं-वाट्या मात्र कधीही वापरायच्या नाहीत, धुऊन देऊ म्हटलं तरी नाही.

हे वर्गात आणू नका: दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन, सुटी ब्लेडं, थर्माकोल कापायची तापलेली तार. कटर फक्त तुमच्या हातात. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं, त्यात मुलांनी हात बुडवून ठेवला तर भाजतं, म्हणून हाताचे ठसे घेण्यासाठी ते वापरू नका. खळीत कीड होऊ नये म्हणून काही जण मोरचूद घालतात. ते विष आहे. खळ रोज ताजी शिजवा.

### लाल मातीचा रंग शाळेतच करा

रंगाचे पैसे मिळाले नाहीत तरी हा रंग अडत नाही. बेळगाव-खानापूरची लाल माती त्यासाठी उत्तम. पद्धत सोपी आहे, पण घाई केली की रंग खरखरीत होतो.

१. कोरडी माती कुटून खडे काढा. अर्धी बादली पाण्यात दोन-तीन ओंजळी माती घालून जोरात ढवळा.

२. साधारण एक मिनिट थांबा. वाळू खाली बसेल. वरचं गढूळ पाणी तेवढं जुन्या धोतराच्या कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळा. तळाची वाळू टाकून द्या.

३. गाळलेलं पाणी रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं निवळ हलक्या हाताने ओता. खाली लोण्यासारखा मऊ लाल साका उरतो.

४. बाभळीचा डिंक आदल्या दिवशी पाण्यात भिजवून ठेवलेला असावा. तो थोडा थोडा साक्यात मिसळा आणि कागदावर एक पट्टा ओढून वाळू द्या.

तपासा: वाळलेल्या पट्ट्यावर बोट घासा. बोटाला माती लागली तर डिंक कमी पडला. पट्टा चकाकतोय आणि त्याला भेगा गेल्यात तर डिंक जास्त झाला.

अथणी-चिकोडीकडे काळी माती आहे, तिचा करडा-तपकिरी येतो. चुलीतला लाकडी कोळसा वस्त्रगाळ केला की काळा. हळदीचा पिवळा सुंदर दिसतो, पण उन्हात उडतो, म्हणून भिंतीवर लावायच्या चित्रात तो वापरू नका. हे रंग दोन-तीन दिवसांत संपतील एवढेच करा. डिंकाचं पाणी कुबट होतं.

### ठेवण

पत्र्याची एक ट्रंक, कुलूप, आणि आत गटागणिक आठ खोकी. खोक्यात चार गोल आणि दोन सपाट ब्रश, दोन झाकणं, दोन डबे, एक फडकं. साहित्य वाटायचं म्हणजे खोकं उचलायचं, सुटे ब्रश मोजायचे नाहीत. बाटल्यांवर रंगांची नावं लिहिण्यापेक्षा त्या रंगाचाच पट्टा ओढा. आपल्या वर्गात घरी कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारी मुलं असतात, पट्टा सगळ्यांना सारखाच कळतो.

कातऱ्यांसाठी प्लायवूडच्या फळीवर सोळा खिळे ठोका आणि प्रत्येक खिळ्याखाली कातरीची बाह्यरेषा काढा. रिकामी आकृती दिसली की कातरी कुठेतरी बाकावर आहे. फळी भरल्याशिवाय कुणी वर्गाबाहेर जायचं नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, एकदाही सवलत नको.

## टप्पा ३: रंग उघडण्याआधी तीन सवयी

इथेच बहुतेकांची घाई होते. पहिल्याच तासाला रंग दिला नाही तर मुलं नाराज होतील अशी भीती वाटते. मुलं नाराज होत नाहीत, कारण या सवयीसुद्धा काम करता करताच लावायच्या आहेत. पहिले तीन-चार तास त्याला द्या.

सवय १, खूण. ओरडून शांतता मिळत नाही, मिळाली तरी ती तासभर पुरत नाही. एक टाळीचा ठेका ठरवा. तुम्ही वाजवलात की मुलांनी तोच ठेका परत वाजवायचा. टाळी वाजवायची तर हातातलं खाली ठेवावंच लागतं. ब्रश खाली, हात मोकळे, डोळे तुमच्याकडे. ठेका झाल्यावर तुम्ही लगेच आणि थोडक्यात बोलायचं. मुलांना थांबवून पाच मिनिटं भाषण दिलं की पुढच्या वेळी खूण चालत नाही.

सवय २, वाटप. गटातल्या चौघांना चार कामं: पाणी, कागद, खोकं, फडकं. नावांच्या चिठ्ठ्या भिंतीवरच्या तक्त्यात लावा आणि दर आठवड्याला एक घर पुढे सरकवा. पाणी आणणारा सोडून बाकी गट बसलेला असतो. त्यामुळे एका वेळी आठच मुलं उभी. यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. फडकं आणि झाडू आपोआप मुलींकडे जातो. तक्ता आहे तोच चालेल, अदलाबदल नाही.

सवय ३, आवरणं. त्याची तालीम नुसत्या पाण्यावर करा. मुलांना ब्रश आणि साधं पाणी द्या आणि व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर रंगवायला लावा. ओली फरशी गडद दिसते, चित्र उमटतं आणि थोड्या वेळात वाळून नाहीसं होतं. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि तेवढ्यात ब्रश धरणं, डबा तिसरा हिस्साच भरणं, ब्रश पाण्यात उभा न ठेवता आडवा ठेवणं, शेवटी डबा बादलीत ओतून पुसणं, सगळं होऊन जातं. ब्रश केसांवर उभा राहिला की वाकतो आणि परत सरळ होत नाही.

तपासा: टाळीपासून वर्ग आवरेपर्यंत आठ मिनिटांपेक्षा जास्त लागतात का? लागत असतील तर रंग अजून उघडू नका. आणखी एक तालीम घ्या.

## टप्पा ४: एका तासाची आखणी

चाळीस मिनिटांचा तास असेल तर: वाटप ५, दाखवणं ५, काम २०, आवरणं ८, बघणं २. जोडतासाला: वाटप ५, दाखवणं ८, काम २५, मध्ये थांबून एकमेकांचं बघणं ५, पुन्हा काम २५, आवरणं १०, शेवटी बघणं २.

दाखवताना पूर्ण चित्र फळ्यावर काढू नका. काढलंत तर बत्तीस चित्रं तुमचीच होतात. फक्त अडणारी गोष्ट दाखवा. तांब्याचं तोंड वर्तुळ न दिसता लंबगोल का दिसतं, सपाट ब्रश कडेने कसा चालवायचा. दाखवून झालं की पुसून टाका.

कागद मिळाला की पहिलं काम म्हणजे मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, इयत्ता, तारीख. शेवटी नाव लिहायला सांगितलं तर ओला कागद उलटा होतो किंवा निनावी चित्रांचा गठ्ठा तुमच्याकडे उरतो.

दहा मिनिटांतच "सर, झालं की ओ!" असा आवाज येणार हे गृहीत धरा. त्यासाठी एक डबा ठेवा, आत चिठ्ठ्या: 'शेजाऱ्याचा हात काढ', 'चित्रातली रिकामी जागा शोध, तिथे काय घडतंय?', 'या चित्रातला एक रंग पुन्हा मिसळून दाखव, तसाच येतो का?' आणि हळू काम करणाऱ्याला घाई नको. त्याचं चित्र फाइलमध्ये जाईल, पुढच्या तासाला पुढे चालेल. अपुरं चित्र पूर्ण करायला घरी देऊ नका. ते दादा किंवा ताई पूर्ण करते.

## टप्पा ५: वर्षभराचा क्रम पावसावर लावा

आधी कोरडं, मग ओलं. आपल्या हवामानालाही हाच क्रम जुळतो.

जून ते ऑगस्ट: पेन्सिल, कोळसा, तेली खडू, कागदकाम. पावसाळी हवेत कागद सर्द होतो आणि पातळ रंग तासन् तास वाळत नाही. म्हणून हे तीन महिने निरीक्षणाचे. समोर वस्तू ठेवा आणि कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता तिची कड काढायला सांगा. चित्र वेडंवाकडं येतं, सगळ्यांचंच येतं, आणि 'मला येत नाही' म्हणणाऱ्याची भीती तिथेच कमी होते. वस्तू घरच्या निवडा. वाळलेली संकेश्वरी मिरची या कामाला अतिशय चांगली. तिच्या सुरकुत्यांत डोळा अडकून राहतो. वर्गाबाहेर काढलेल्या चपलांची रांग, छत्री, कंदील, मक्याचं कणीस, कुलूप.

सप्टेंबर: माती. घरोघरी गणपती आलेले असतात, हात मातीकडे आपसूक वळतात. खानापूर कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथे आहे. जवळच्या कुंभाराकडून मळलेली माती घ्या. शेतातली माती थेट वापरली तर खडे येतात आणि तडे जातात. मुलामागे मोसंबीएवढा गोळा, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम. बत्तीस मुलांना दहा किलो पुरते. राहिलेली माती ओल्या पोत्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा.

मातीकामात दोनच चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, पाणी जास्त. बोट बुडवून एक थेंब, तेवढंच. दुसरी, हात-पाय-शेपूट नुसते दाबून चिकटवणं. वाळल्यावर ते गळून पडतात. दोन्ही बाजू काडीने खरवडा, पातळ मातीचा लेप लावा, मग दाबून सांधा बोटाने पुसून घ्या. भरीव भाग अंगठ्यापेक्षा जाड नको, असला तर खालून कोरून पोकळ करा. सावलीत, वर्तमानपत्र झाकून, सावकाश वाळवा. उन्हात ठेवलं की बाहेरचा थर आधी आकसतो आणि फुटतो. हात बादलीत धुवा, नळाखाली नाही. माती पाइपात बसली की मोरी तुंबते. बादलीतला गाळ पुन्हा वापरता येतो.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर: रंग. हवा कोरडी झालेली असते. आता तरी थेट चित्र नको. पहिला तास नुसता हिरव्याचा. प्रत्येक गटाने मैदानातून पाच वेगवेगळी पानं आणायची आणि पिवळा-निळा-लाल मिसळून त्या पानांशी जुळणारे हिरवे तयार करायचे. उसाचं पान, आंब्याचं जून पान, तुळस, कडुनिंबाची पालवी. हिरव्यात किंचित लाल टाकला की तो मावळतो आणि खऱ्या पानासारखा होतो, हे त्यांना हाताने कळू द्या. दुसरा तास लाल मातीचा रंग आणि पांढरा यांच्या छटांचा. तिसऱ्या तासाला चित्र.

रंगाला दोन डबे: एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ पाण्याचा. प्रत्येक रंग बदलताना धुणं, फडक्याला टेकवणं, मगच नवा रंग. फिका आधी, गडद नंतर. ओलं चित्र लगेच सुतळीला टांगू नका, ओघळ येतात. दहा मिनिटं वर्तमानपत्रावर आडवं, मग चिमट्याला.

## टप्पा ६: विषय देताना

दोन त्रिकोणी डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, एक झोपडी, एक नारळ. येळ्ळूरच्या मुलाला रोज राजहंसगड दिसतो आणि तरी तो कागदावर हेच काढतो, कारण त्याला बघायला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्याकडचे कितीतरी डोंगर माथ्यावर सपाट आहेत, टोकदार नाहीत. वर्ग मैदानात न्या. लग्नपत्रिकेच्या जाड कागदात पोस्टकार्डाएवढ्या आकाराची छोटी खिडकी कापून द्या. त्या खिडकीतून जे दिसतं तेवढंच काढायचं.

'निसर्गचित्र', 'माझा आवडता सण' असे ढिले विषय टाळा. विषय नेमका आणि त्यात एक अडचण असलेला हवा. 'शिवजयंतीचा चित्ररथ, पण गर्दीत उभं राहून आईच्या खांद्यावरून दिसेल तसा.' 'तंबाखूच्या वखारीचं दार, आतून बाहेर बघताना.' 'आठवडी बाजारात फक्त पाय.' 'दिवाळीत केलेला किल्ला, वरून.' अशा विषयाला नक्कल करायला चित्र सापडत नाही, मग मूल आठवायला लागतं.

बेळगावातली कमलबस्ती, हलशीची देवळं जवळ असलेल्या शाळांनी सहलीला वही न्यावी. अख्खं देऊळ काढायला लावू नका. एक खांब, एक कमळ, एक कोपरा.

## टप्पा ७: 'मला येत नाही' आणि 'छान'

सहावी ते आठवीचं वय अवघड आहे. लहानपणी बिनधास्त रंगवणारं मूल अकरा-बाराव्या वर्षी स्वतःच्या चित्राची तुलना खऱ्या वस्तूशी करू लागतं आणि फरक दिसला की कागद चुरगाळतं. ते आळशी झालेलं नसतं, त्याचा डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. याच दोन-तीन वर्षांत बहुतेक जण चित्र कायमचं सोडतात. म्हणून इथे शिक्षकाच्या शब्दांना फार किंमत आहे.

मुलाच्या कागदावर तुमची पेन्सिल कधीही टेकवू नका. दुरुस्ती दाखवायची तर खिशातल्या छोट्या कागदावर दाखवा. 'छान' म्हणून पुढे जाऊ नका, त्यातून मुलाला काही हाती लागत नाही. जे दिसतंय ते सांगा: "तांब्याची ही कड तू दोनदा बघितलीस, कळतंय." मग एक प्रश्न: "उजेड कुठल्या बाजूनं येतोय?" एका मुलाला एका तासात एकच सूचना. खोडरबर वारंवार मागणाऱ्याला सांगा, चुकीची रेघ राहू दे, शेजारी दुसरी काढ.

वर्गात कुणाच्याही चित्राला हसणं चालणार नाही, हे पहिल्या दिवशी सांगा. पहिल्यांदा कुणी हसलं की काम थांबवा. दुसऱ्यांदा थांबवायची पाळी सहसा येत नाही.

## टप्पा ८: फाइल, नोंद, स्पर्धा

प्रत्येक मुलाची एक फाइल. जुन्या कॅलेंडरचं पान दुमडून, कडा चिकटवून होते. सगळं काम तीत, फसलेलंसुद्धा. सीसीईच्या (सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या) नोंदी करताना जूनचं आणि डिसेंबरचं चित्र शेजारी ठेवून त्या मुलाचीच त्याच्याशी तुलना करा. हुबेहूबपणाला गुण देऊ नका. पाहिलं का, प्रयोग केला का, साहित्य सांभाळलं का, काम शेवटाला नेलं का, एवढं पुरेसं आहे.

भिंतीवर पहिल्या तिघांची चित्रं लावायची पद्धत सोडा. सुतळी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा आणि प्रत्येकाचं एक चित्र लावा. कुठलं, ते मुलानेच निवडायचं.

प्रतिभा कारंजीत, म्हणजे कर्नाटकातल्या शालेय कलागुण स्पर्धेत, चित्रकला आणि मातीकाम दोन्ही असतं. दरवर्षी त्याच दोघांना पाठवू नका. वर्गात सगळ्यांना विचारा, इच्छुकांना दोन शनिवार जादा बसवा आणि ठरलेल्या वेळेत काम संपवायचा सराव द्या. चित्र चांगलं आणि वेळ संपली, असं तिथे फार होतं.

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांबाबत एक सावधगिरी. कर्नाटकात लोअर आणि हायर ग्रेड आहे, महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कोल्हापूर-चंदगडच्या नातेवाइकांकडून आलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर तयारी करून घेऊ नका. आपल्या बोर्डाचं चालू वर्षाचं परिपत्रक आणि अभ्यासक्रम हातात घेऊनच सुरुवात करा.

## टप्पा ९: मार्च-एप्रिलमधली आवराआवर

वार्षिक परीक्षेच्या आधी एक तास यासाठी राखा. ब्रश साबणाने धुऊन, केस बोटाने टोकदार करून, आडवे वाळवून मग खोक्यात. ओले ब्रश ट्रंकेत गेले तर जूनपर्यंत बुरशी येते. बाटल्यांची तोंडं पुसून झाकणं घट्ट लावा, नाहीतर ती उघडत नाहीत. कागद जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, वाळवी लागते. ट्रंक दोन विटांवर, भिंतीपासून हातभर पुढे. मळलेली माती उरली असेल तर पातळ वड्या करून पूर्ण वाळवा, जूनमध्ये पाण्यात टाकली की पुन्हा मऊ होते. फाइल मुलांना घरी द्या, पण प्रत्येकाचं एक चित्र त्याच्या परवानगीने शाळेत ठेवा. पुढच्या सहावीला दाखवायला ते लागेल.

शेवटी मुलांनाच विचारून यादी करा: काय संपलं, काय उरलं, काय पुरलं नाही. ती यादी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवा आणि तिची एक प्रत हेडसरांकडे द्या. जूनमधल्या एसडीएमसीच्या बैठकीत तीच वाचायची आहे.